संदलाची सहाण

अब्बा, तुमच्या दर्ग्याच्या दाराला आता दोन कुलपं आहेत. एक या कमिटीचं, एक त्या कमिटीचं. तुम्ही मुजावर होतात तेव्हा नुसती कडी होती, तीही शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. एका कमिटीनं उरुसाच्या बॅनरवर आमदारांचा फोटो लावलाय, घुमट त्यांच्या खांद्यामागून जेमतेम डोकावतो. दुसरीचा अध्यक्ष शुक्रवारी सांगतो की मजारीपुढं वाकणं गुनाह आहे, आणि सोमवारी त्याच मजारीचा ताबा मिळावा म्हणून कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. मागच्या जमिनीला लागून मोठा रस्ता निघाला आणि दोघांचीही श्रद्धा एकदम जागी झाली. असल्या माणसांना तुम्ही पाणीही विचारलं नसतं.

उरुसाची सकाळ आठवते. स्वयंपाकघरात अम्मी आणि मी सहाणेवर चंदन उगाळतोय. तुमचा नियम एकच, दारात जो पहिला येईल त्याच्या डोक्यावर संदलाचं ताट. त्या वर्षी पहिला आला पिंगळीचा एक मजूर, जय भीम म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबलेला. त्याच्या मागून गावचे पुढारी आले. मी नवा फ्रॉक घातलेली, अतिशहाणी. म्हटलं, "अब्बा, ताट साहेबांना द्या ना." तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत. "पाय कुनाचे आदी आले? मग डोकं बी त्याचंच. तू गप उगाळ." साहेबांचा चेहरा उतरला आणि मला लय रडू आलं. तेव्हापासून त्या मजुराच्या घरानं आपला पहिला नंबर कधी सोडला नाही.

यंदा दोन्ही कमिट्यांना ती सहाण हवी होती. तिच्यावर उगाळलेलं चंदन ज्याच्या ताटात, तो खरा हक्कदार, असं त्यांच्यात ठरलं म्हणे. आधी बॅनरवाले आले, सोफ्यावर ऐसपैस बसले. "आपा, तुमच्या नातवाच्या शाळेतल्या नोकरीचं आमी बघायलोय." मी मनातल्या मनात त्यांच्यावर थुंकले.

उरुसाच्या दिवशी मजुराची लेक पहिली दारात. आता तीही म्हातारी झालीय. पदर डोक्यावर, हातात चुंबळ. "आपा, ताट?" मी म्हटलं, यंदा ताट नाही, सहाण फुटली.

"फुटली तर फुटली. घरचा पाटा आनते की धुवून. त्यात काय."

ती उन्हात पिंगळीला गेली आणि पाटा कडेवर घेऊन परत आली. कडी वाजवत राहिली. मी आत बसून होते.

हे पत्र तुमच्या उशाशी ठेवायचं होतं. पण कबरस्तानाच्या फाटकालाही आता बॅनरवाल्यांचं कुलूप आहे. चावी मागितली तर मला लगेच देतील, म्हणूनच मागत नाही. सहाण फुटली नव्हती, अब्बा. नातू परवा शाळेत रुजू झाला.