दलदलीला दहावा माणूस हवा

प्रिय मित्रवर्य गाएतानो यास,

उत्तरेच्या गारठ्यातून ताइस्तोचा नमस्कार पोहोचावा. तुझा गुडघा आता कसा आहे? पो नदीच्या खोऱ्यातली बांधबंदिस्ती पाहायला अजूनही तूच उतरतोस का, की शेवटी कुणाला शिकवलंस? आईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी पाठवलेलं सॉसेज पोहोचलं आणि ते आम्ही नवरा-बायकोने स्वयंपाकघरात उभ्या-उभ्याच संपवलं. रित्वाची तब्येत उत्तम आहे. माझीही उत्तम होती, तुझी मुलगी इथे येईपर्यंत.

तू लिहिलं होतंस की फियामेत्ता एक सत्र आमच्या विद्यापीठात काढणार आहे, माझा दलदलीचा कोर्स ती घेईलच, तेव्हा तिच्याकडे पोटच्या मुलीसारखं लक्ष दे. दिलं. पोटची असती तर एव्हाना तिला घराबाहेर काढलं असतं (त्याआधी रित्वाने मला काढलं असतं, हा भाग वेगळा).

पहिल्याच रविवारी ती आमच्याकडे कॉफीला आली आणि माझ्या टेबलावर, माझ्या वेलचीच्या पावाशेजारी, तिने आपले विषय निवडले. गाएतानो, मी अठ्ठावीस वर्षं शिकवतोय. विषय कसा निवडतात याबद्दल माझी एक भाबडी समजूत होती, की माणूस आधी विषयाचं नाव वाचतो. तुझ्या मुलीने एकाही विषयाचं नाव शेवटपर्यंत वाचलं नाही. तिने आधी वार पाहिला. शुक्रवार बाद, कारण शुक्रवारी स्टॉकहोमची बोट. सोमवार बाद, कारण बोटीवरून परत आल्यावर माणसाला झोप लागते. सकाळी दहाच्या आधीचं सगळं बाद, त्याला तर कारणही दिलं नाही. डिसेंबरात परीक्षा असलेले बाद, कारण तेव्हा ती रेनडिअर बघायला लॅपलँडला. मग जे उरलं त्यात ती वरून खाली बोट फिरवत गेली, आमच्या चौकातल्या मासळीवाल्याकडे रित्वा फिरवते तसं, आणि पाच विषय उचलले. त्यांत एक कायद्याचा आहे, एक जहाजबांधणीचा. आणि त्यांची राणी म्हणजे ‘सौना आणि सुखी जीवन’.

हा कोर्स आमचा लाउरी घेतो. त्याला एकशे दहा विद्यार्थी आहेत. प्रात्यक्षिक असतं. प्रात्यक्षिक म्हणजे काय, तर पंचा गुंडाळून तापलेल्या वाफेच्या खोलीत बाकावर बसायचं आणि घाम आला की तो आल्याचं लिहून द्यायचं. आमच्याकडे मूल चालायला लागायच्या आधी सौनात बसतं. त्याचे गुण द्यायचे तर उद्या श्वास घेण्याचेही द्यावेत. (लाउरी माणूस चांगला आहे. म्हणूनच जास्त राग येतो.)

माझा ‘उत्तरेच्या दलदली आणि माणूस’ शुक्रवारी सकाळी आठला असतो. तो पहिल्यापासून शुक्रवारी आठलाच आहे. दलदल दहा हजार वर्षं थांबली, विद्यार्थ्याला बिछान्यातून उठायला काय होतं? पण विभागप्रमुख सातूबाईंनी या सत्राला मला खोलीत बोलावलं, दार लावलं (दार लावलं म्हणजे मी समजलोच) आणि सांगितलं, की सत्राच्या तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दहा विद्यार्थी दिसले नाहीत, तर कोर्स बंद. या वर्षापुरता नव्हे, कायमचा. मी विचारलं, मग मी काय करू? तर म्हणाल्या, ‘लाउरीला मदतनीस हवाच आहे.’ मला, गाएतानो! मी पंचे वाटू?

तरी मी निश्चिंत होतो. पहिल्या तासाला एकोणीस जण आले होते. आमची इथली पाच मुलं नेहमीसारखी एकमेकांपासून लांब, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. बाकी सगळे परदेशी, आणि पहिल्या रांगेत फियामेत्ता, झोपेने डोळे सुजलेले, पण हजर. बहुधा तुला तसं कळवता यावं म्हणून. मी सगळं स्पष्ट सांगितलं. तीन शनिवार दलदलीत. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. पाऊस असला तरी जायचं, बर्फ असला तर नक्कीच जायचं. तिथे संडास नाही, पण झाडं पुष्कळ. मग विचारलं, कुणाला काही अडचण? एक अक्षर नाही. चिडीचूप. मला इतका आनंद झाला, की घरी येऊन रित्वाला म्हणालो, या वर्षीसारखी मुलं मी पाहिली नाहीत, एकोणीसच्या एकोणीस तयार! आमच्या घरात लग्नाची मागणीसुद्धा याच पद्धतीने मान्य झाली होती. मी विचारलं, ती गप्प राहिली, आम्ही मासे पकडायला गेलो.

दुसऱ्या शुक्रवारी वर्गात पाच जण. चार कोपरे आणि मध्य.

फियामेत्ता मला उपाहारगृहात सापडली, वाटाण्याच्या सूपची रांग होती तिथे. मी तिला जाब विचारला. आवाज चढवला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली, म्हणजे किती चढवला असेल बघ. तर ती म्हणते कशी, ‘काका, तुम्ही रागावलाय का? नाही, तुमचा चेहरा बघून कळत नाही. माझ्या वाढदिवसालाही असाच होता.’

मी म्हटलं, मी विचारलं होतं ना, अडचण आहे का म्हणून? कुणी बोललं का?

‘अहो काका, घाबरून गप्प होतो आम्ही! तुम्ही झाडं पुष्कळ म्हणालात आणि पुढचं पान उलटलंत! त्या पोर्तुगीज मुलीला वाटलं, ही परीक्षाच चाललीय, जो हलेल तो नापास.’

मग सूप घेऊन ती माझ्याच समोर बसली आणि मला, या विषयावर तीन पुस्तकं लिहिलेल्या माणसाला, शिकवायला लागली. तास बुधवारी दुपारी ठेवा. शनिवार तीनऐवजी एक. दलदलीच्या काठी शेकोटी पेटवा, सॉसेज भाजा. ‘आणि काका, जरा हसा हो. दात दिसले तर काय दलदलीत पडणार आहेत?’

मी उठलो. सूप तसंच टाकून उठलो, यावरून समज. मी तिला सांगितलं, की ज्ञान म्हणजे मासळीबाजार नव्हे, आणि सॉसेज दाखवून मी विद्यार्थी गोळा करणार नाही. कोर्स मेला तर ताठ मानेने मरेल. हे तुलाही ठणकावून सांगतो, म्हणजे उद्या कुणी काही बोललं तर माझी बाजू तुला ठाऊक असावी. वार बदलणार नाही, वेळ बदलणार नाही, एकही शनिवार सोडणार नाही. आपल्या पिढीत अजून कणा आहे.

घरच्या सर्वांना मानाप्रमाणे नमस्कार व आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा,
ताइस्तो

ता. क. तास बुधवारी दुपारी बारा वाजता ठेवला आहे. शनिवार एक. सॉसेजचा खर्च माझा. चौघे परत आले, म्हणजे झाले नऊ. दहावी तुझी मुलगी व्हायला हवी, पण ती म्हणते, बुधवारी बारालाच लाउरीचं प्रात्यक्षिक असतं. तू बाप आहेस. आजच्या आज तिला लिही, दरडावून लिही, पण मी सांगितलं म्हणून लिहू नकोस. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच.

ता. क. दुसरा. लिहू नकोस. ती काल जेवायला आली, पत्र टेबलावर होतं, तिने सगळं वाचलं आणि एवढी हसली की रित्वालाही हसू आलं (तिला मी इतक्या वर्षांत दोनदा पाहिलंय हसताना). सौना सोडून माझ्याकडे येते म्हणाली. एक अट घातली, की पुन्हा ‘काही अडचण?’ विचारलंत तर कुणीतरी उत्तर देईपर्यंत पुढचं पान उलटायचं नाही. मी कबूल केलं. झाले दहा. तिचे बूट मात्र पाठव, रित्वाचे तिला होत नाहीत.

ता. क. तिसरा. आज बुधवार, आत्ताच तास संपवून आलो. दहाच्या दहा हजर. विचारलं, कुणाला काही अडचण? आणि थांबलो. घड्याळाकडे न बघता थांबलो. फियामेत्ता पहिल्या रांगेतून मला डोळ्यांनी धीर देत होती. शेवटी मागच्या कोपऱ्यातला यूसो उभा राहिला. दोन वर्षं माझा विद्यार्थी आहे, आवाज आज पहिल्यांदा ऐकला. म्हणाला, ‘मला आहे. शुक्रवारी आठलाच बरं होतं. तेव्हा कुणी बोलत नव्हतं.’ दप्तर उचललं, सर्वांना वाकून नमस्कार केला आणि गेला.

उरले नऊ. सातूबाई परवा संध्याकाळी मोजणार.

गाएतानो, तुला आणखी एखादी मुलगी आहे का? मुलगाही चालेल.