सोराइदा बाकायाओची मिळकत आणि आरशांचा खटला

मी, सोराइदा बाकायाओ, वय वर्षे ७९, जन्म सिएनफुएगोस, क्युबा, हल्ली राहणार हायलीआ, मायामीलगत, धंदा खासगी गुप्तहेर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, बुद्धी शाबूत आहे. कुणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्मायचा आहे.

कलम १. राहते घर, मागच्या आंब्याच्या झाडासह, धाकटी बहीण मिर्ता हिला. भाऊ ओस्वाल्दो याचा घरावर हक्क नाही. मी परवाना काढला तेव्हा भर पंगतीत तो म्हणाला होता, "ताई, लोकांच्या नवऱ्यांवर पाळत ठेवण्यापेक्षा स्वतःला एखादा बघ." त्याला माझा डॉमिनोचा संच द्यावा. तो नेहमी हरतो, सराव होईल.

कलम २. कॅमेरा, दुर्बीण आणि फेरान खटल्याची फाइल भाची यामिले हिला. ती वकील आहे. हकीकत मात्र मीच सांगून ठेवते.

१९८७ साली विधवा ओब्दुलिया फेरान हिला तिच्याच घरात कुणीतरी उशीने गुदमरवून मारले. पुतण्याने पोलिसांना सांगितले, "दहा वाजता काकूने माझ्यासमोर घर माझ्या नावे करून सही केली. मी निघालो तेव्हा ती ठणठणीत होती. मागे फक्त कामवाली होती." कामवाली नेरेइदा हिला इंग्रजी येत नव्हते. दुभाष्याने तिची जबानी उतरवली: 'त्या वेळी मी बाईंचे छोटे आरसे आणायला गेले होते.' आरसे घरात कुठेच नव्हते. नेरेइदा खोटारडी ठरली आणि खटल्याची वाट बघत अकरा महिने तुरुंगात बसली.

मग तिच्या आईने मला गाठले. जबानी वाचून मी आधी हसले, मग रडले. आम्ही क्युबन लोक चष्म्याला स्पॅनिशमध्ये जो शब्द वापरतो, तो इतरांना 'छोटे आरसे' असाच ऐकू येतो. दुभाषा आमच्यातला नव्हता.

तुरुंगात जाऊन मी तिला विचारले, "चष्मा कुठल्या दुकानातून आणलास गं?"

"आठव्या रस्त्यावरच्या. दुरुस्तीला होता. पण बाई, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही."

दुकानाच्या वहीत तिची सही सापडली, शेजारी वेळ: अकराला पाच कमी. डॉक्टरांच्या मते ओब्दुलिया तोवर मेलेली होती. मी पुतण्याकडे गेले. त्याने कॉफी केली.

"काकूंनी कागद वाचला होता ना?" मी सहज विचारले.

"म्हणजे काय! चष्मा लावून एकेक ओळ वाचली."

मी ते वाक्य वहीत उतरवले आणि कॉफी संपवली. कॉफी उत्तम होती. सही बनावट निघाली, पुतण्याला जन्मठेप झाली, नेरेइदा सुटली.

कलम ३. तपास अधिकाऱ्याचे नाव घेत नाही. तो मला म्हणाला होता, "एका शब्दासाठी मी अख्खा खटला उलटवू?" तो हयात असल्यास माझा स्पॅनिश शब्दकोश त्याला पोचवावा.

कलम ४. नेरेइदाला मी माझे सोन्याचे कानातले देणार होते. ती म्हणाली, "काही देऊ नकोस, नाहीतर मला तुझ्या मृत्युपत्राची साक्षीदार होता येणार नाही. एकदा तरी माझी साक्ष धरली जाऊ दे." म्हणून कानातलेही मिर्तालाच.

कलम ५. माझी आई तेरा वर्षे शेजाऱ्यांना सांगत आली की मी विमा कचेरीत टायपिस्ट आहे. खटल्याचा निकाल लागला त्या सकाळी तिने माझा हात धरून मला बेकरीत नेले. पाव घ्यायला रांग होती. ती रांगेपुढे उभी राहून मोठ्याने म्हणाली, "ही माझी पोरगी. गुप्तहेर आहे." माझ्या थडग्यावर नावाखाली तेवढेच लिहावे. ओस्वाल्दोने 'प्रेमळ बहीण' वगैरे घुसडू नये.

सही: सोराइदा बाकायाओ
स्थळ: हायलीआ, फ्लोरिडा. दिनांक: १४ मार्च २०१९

साक्षीदार:
१. एलाडिओ पेड्रोसो, शेजारी
२. नेरेइदा सालासार. पूर्ण वाचून, समजून सही केली.