'संपलं' म्हणायचं राहून गेलं

अण्णा,

तुमच्या धाकटीचा डावा कान कायमचा गेला आहे. सांगलीच्या कानाच्या डॉक्टरबाईंनी मंगळवारी तपासून तसं सांगितलं. पडदा फाटलाय, भरलाय, पुन्हा फाटलाय, आणि हे आजचं नाही, असं त्या बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासानं धाकटी आली. पायऱ्या उतरताना उजवा कान माझ्याकडं करून म्हणाली, "अण्णांला म्हाईत हुतं. पंचमीला न्यायला आलं हुतं न्हवं, तवाच येष्टीत सांगितलं मी. नवरा मारतोय म्हनून." मी विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "दसऱ्यापातुर कड काढ, मी बघतो, म्हनलं." त्या पंचमीनंतर दहा-बारा दिवसांतच तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढी सगळी वर्षं ती त्याच घरात राहिली.

वर्तमानपत्राच्या कचेरीत माझं आयुष्य गेलं. बातमीची खात्री करताना एक प्रश्न जास्त विचारा, असं नव्या पोरांना सांगत आलो. ते मी कचेरीत शिकलो असं सगळ्यांना वाटतं. खरं तर ते कोयनानगरच्या वर्कशॉपमधलं आहे. तुम्ही लेथवर होता, आणि जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कामगार डबे उघडून एकमेकांना कोडी घालायचा. सांगणाऱ्यानं एक अर्धवट गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी सवाल विचारायचे, आणि त्यानं फक्त 'व्हय' किंवा 'न्हाई' म्हणायचं. दुपारचं कोडं संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात यायचं, आणि आम्ही रचलेलं एखादं दुसऱ्या दिवशी तुमच्या डब्याबरोबर वर्कशॉपला जायचं. नियम एकच होता. उत्तर बरोबर आलं तरी कुणी उठायचं नाही. 'अजून काय हाय?' असं विचारायचं, आणि घालणाऱ्यानं 'संपलं' म्हटलं की मगच डाव मोडायचा. कारण तुम्ही गोष्टीच्या पोटात नेहमी आणखी एक गोष्ट ठेवायचा.

मला ती संध्याकाळ दिसते आहे. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून सांगताय, "भूकंप झाला. कॉलनीतली समदी माणसं भायेर पळाली. एक बाई तेवढी उलटी आत पळाली. का?" मी पाठोपाठ सवाल टाकतो. आत मूल होतं? न्हाई. म्हातारं माणूस? न्हाई. दागिने? न्हाई. मी चिडतो. धाकटी अकरा वर्षांची, हाताला पीठ लागलेलं, हळूच विचारते, "अण्णा, ती काय आनायलाच गेली हुती का?" तुम्ही म्हणता, "न्हाई." ती म्हणते, "मग काय इझवायला गेली? स्टोव्ह?" तुम्ही मांडीवर थाप मारता. मी उठायला लागतो, आणि तुम्ही माझा शर्ट धरून मला खाली बसवता. "बस गड्या. उत्तर घावलं म्हनून सवाल संपत्यात व्हय? हिचं डोस्कं बघ. तुला नुसती उठायची घाई." त्यावर धाकटी विचारते, "अजून काय हाय?" आणि तुम्ही म्हणता, "स्टोव्ह शेजारनीचा हुता." तिनं मला जीभ काढून दाखवली. मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही.

झटका आला तेव्हा तुम्ही आणि आई कवठे महांकाळला राहायला आला होता. उजवी बाजू आणि वाचा गेली होती, समजत मात्र सगळं होतं. मी सांगलीहून आलो तर आई दारातच म्हणाली, "आरं, सारखं वाजवत्यात. मला काय उमगंना बघ." डाव्या हाताच्या बोटांनी तुम्ही खाटेची लोखंडी नळी वाजवत होता. मीच म्हणालो, "अण्णा, कोडं घाला. एकदा वाजवलं तर व्हय, दोनदा वाजवलं तर न्हाई." तुमचे डोळे भरून आले. माझं विचारणं सुरू झालं. औषधाचं? दोन टकटक. घराचं? दोन. माणसाचं? एक. आईचं? दोन. धाकटीचं? एक, इतकी जोरात की आई दचकली. तिला बोलवायचं? एक. मी उठलो. "आई, धाकटीला बघायचंय त्यांना. तिच्या सासरी शिराळ्याला फोन लाव." कोडं सुटल्याचा मला आनंद झाला होता, हे सुद्धा लिहायला हवं. साडेतीनची एस.टी. होती आणि संध्याकाळी कचेरीत अंकाचं पान लावायचं होतं.

ती आली. नवऱ्याबरोबर आली. तो चार दिवस तुमच्या पायाशी बसून पाय दाबत होता, आणि आलेगेले म्हणत होते, जावई मिळावा तर असा. तुम्ही नळी वाजवतच होता. "लेकीला बघून जीव निवला," असं आई सगळ्यांना सांगत होती. धाकटीनं त्या चार दिवसांत एकही सवाल विचारला नाही. तिला तुमचं कोडं माहीत होतं, आणि ज्याच्यावरून ते होतं तो माणूस समोर बसला होता. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. तेरावा झाल्यावर तिला शिराळ्याला पोहोचवायला मीच गेलो. तिची पिशवी माझ्या हातात होती. दारात चहा घेतला आणि परत आलो.

आता ती माझ्याकडं आहे. रविवारी तिचा नवरा घरातली दोन मोठी माणसं घेऊन तिला न्यायला येणार, असा निरोप आहे. मी तिला विचारलं, "जायचंय?" ती म्हणाली, "न्हाई." या वेळी मी बसून राहिलो. "अजून काय हाय?" असं विचारलं. ती म्हणाली, "आता न्हाई सांगायचं. ती मानसं येऊंद्यात. त्यांच्या म्होरं सांगते."

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तरी एक गोष्ट लिहितो, जी तिला सांगितलेली नाही. तुमचं कोडं सुटलं म्हणून उठलो, त्या दुपारी मी उंबऱ्यात चपला घालत होतो, तेव्हा आतून पुन्हा टकटक सुरू झाली होती. ती मला ऐकू आली होती. मी एस.टी.कडं निघालो. मंगळवारपासून धाकटी माझ्याकडं अधूनमधून बघत राहते. रविवारच्या आत ती मला विचारेल, "अजून काय हाय?"