नावाखालची शेपटी

प्रिय किरण,

आबांच्या ब्रशवरून तू बनवलेल्या फाँटने आता आपलं गाव व्यापलंय. तिठ्यावरच्या न्याहारी-निवासाची पाटी, कोकम सरबताच्या बाटल्या, शेजारच्या आरोहीची लग्नपत्रिका, सगळीकडे आबांचंच अक्षर. पाटी बघितली की वाटतं, आबा आत्ताच ब्रश टेकवून चहाला गेलेत. त्यांनी होड्यांवर रंगवलेल्या नावांचे फोटो काढत तू किनाऱ्यावर फिरायचास, तेव्हा त्यातून असं काही उगवेल हे मला कुठे ठाऊक होतं!

दर फोनला तू विचारतोस, आबांना आवडलं का? मी काय सांगणार? त्याबद्दल ते बोलतच नव्हते. हात कापायला लागल्यापासून त्यांनी ब्रश माळ्यावर टाकले ते टाकलेच. आपला हात पोराने बाजारात नेला म्हणून ते रागावलेत, ही तुझी धास्ती मला फोनवरही ऐकू येते.

मध्ये एकदाच बोलले. बाजारात कुणाच्या तरी श्रद्धांजलीचा फलक तुझ्या नाचऱ्या फाँटात लावलेला. आबा थबकले. "गो, ह्यो मेलेलो हसता कित्याक?" हसू दाबायला मी ओढणी तोंडाला लावली. घरी येईपर्यंत त्यांचं चालूच, "ह्यां होडयेचां अक्षर. किरणाक सांग, दुखवट्याक दिव नको." त्या 'किरणाक सांग'मध्ये राग नव्हता रे.

मग गेल्या आठवड्यात बाबली आला. नव्या होडीला त्याला आईचं नाव द्यायचंय, राधाबाई. स्टिकर कापण्याआधी तुझ्या अक्षरातलं नाव कागदावर छापून आबांना दाखवायला आणलेलं. मागोमाग राधाबाई स्वतः, मासळीची पाटी उतरवत, "आबानू, माका चिकटवतत? चार दिसांत सोलान जायन मी!" आबा किती दिवसांनी मोकळे हसले. त्यांनी कागद घेतला, मागून खडू घासला, किनाऱ्यावर नारळाच्या झापांच्या मांडवाखाली उभ्या होडीवर धरून पेन्सिलीने गिरवला, नाव लाकडावर उमटलं, आणि मला माळ्यावरचा ब्रश आणायला सांगितला. मी रंगाचा डबा धरून उभी. हात कापत होता, पण पुढची वाट आखलेली होती, आणि ती त्यांचीच होती. शेवटचं अक्षर झाल्यावर तुझ्याबद्दल म्हणाले, "झिलान माझो हात बरो सांभाळल्यान." जसंच्या तसं लिहिलंय, एक शब्द माझा नाही.

राहिली ती नावाखालची शेपटी. एका झटक्यात मारायची ती लांब रेघ, जिच्याशिवाय आबांनी एकही होडी पाण्यात जाऊ दिली नाही. लहानपणी तू वाळूत काठीने तीच मारायचास आणि आबा पायाने पुसून परत मारायला लावायचे, आठवतं? ती आखून जमत नाही. बाबलीने विचारलं, होडी कधी उतरवायची? "शेपटी मारूक किरण येतलो," आबा म्हणाले, जणू तुमचं ठरलंच आहे. ते काही तुला फोन करायचे नाहीत, म्हणून मीच लिहितेय. नारळी पौर्णिमेच्या आत ये. राधाबाई रोज दारात येऊन विचारते, "खंय रवलो तुमचो किरण?" आणि आबांनी ब्रश या वेळी माळ्यावर टाकला नाही. धुऊन, कागदात गुंडाळून तुझ्या खोलीत ठेवलाय.

तुझी वाट बघणारी, तुझीच
संचिताताई