स्वतःस पुरेसा

सिंदी मेघे, वर्धा
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय मेघा हिला,

आपला पिता देव आणि प्रभू येशू ख्रिस्त यांची कृपा तुझ्या उंबरठ्याआत नित्य वसो.

अश्विनराव व मुले कुशल असावीत. इकडे थंडी बेताची आहे, तुरीच्या ओल्या शेंगा बाजारात आल्या आहेत. अक्षर वेडेवाकडे दिसेल. डाव्या हाताने लिहितो आहे. उजवे मनगट मोडले. 'काळजीचे कारण नाही' असे लिहिले होते, ते खोडले आहे.

गेल्या वर्षी तुझ्या आईला माती दिल्यावर तू म्हणालीस, "बाबा, मी महिनाभर राहते." मी उत्तरलो, "मी स्वतःस पुरेसा आहे. तू कारंज्याला आपल्या घरी जा." तू दारातच रडू लागलीस, तेव्हा रडणे म्हणजे विश्वास उणा, असे मी तुला सुनावले. त्यानंतर तुझा फोन आला नाही. मीही केला नाही.

'स्वतःस पुरेसा' हा शब्द ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञांचा. ज्याला कोणाचीच गरज उरली नाही, तो त्यांच्या मते संतुष्ट. प्रेषित पौलानेही बंदिवासातल्या पत्रात तोच शब्द योजला, हे मी चर्चमध्ये पाळक असताना मोठ्या कौतुकाने सांगत असे.

मंगळवारी सदऱ्याची गुंडी लागेना. स्वयंपाकाला येणाऱ्या भागाबाईंनी हात पुढे केला. मी म्हणालो, "राहू द्या. मला कोणाची गरज नाही."

"गरज नाई? मंग रोज सकायी डोये मिटून मांगता कोनाले? अन् गुंडी त लागून नाई राह्यली! सरका इकडं."

मला हसू आले आणि हसता हसता रडू कोसळले. तुझ्या आईसाठी प्रथमच.

"रडा, बाबाजी," त्या म्हणाल्या. "मी च्या मांडते."

मग पौलाचे ते पत्र पुन्हा उघडले. आपण संतुष्ट आहोत असे सांगून तो लगोलग मदत धाडणाऱ्या मित्रांची आठवण काढतो, त्यांनी बरे केले म्हणतो. त्या ओळी मी चाळीस वर्षे प्रवचनातून गाळल्या! स्टोइक आपल्या बळावर उभा राहतो. पौलाला उभे करणारा प्रभू होता, आणि तो माणसांच्या हातून येत असे. हे उमगल्यापासून छाती हलकी आहे. झोपही लागते.

मेघा, तुला मी रडू दिले नाही. क्षमा कर. मला तुझी गरज आहे, ये.

हे पत्र घरात मोठ्याने वाच. वाचणाऱ्या व ऐकणाऱ्या प्रत्येकाला मागताना लाज न वाटणारे मन लाभो, आणि देवाची शांती त्याला राखो. आमेन.

तुझी वाट पाहणारे,
बाबा