दोष तुझ्या जिभेचा नव्हता

आई,

आज साताऱ्याच्या डॉक्टरनं मलाही तुझाच आजार सांगितला. रक्तदाब. गोळी लिहून देताना म्हणाला, "रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतात. त्यांच्यात कॅल्शियम शिरलं की ते आवळतात, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. ही गोळी कॅल्शियमला आत शिरू देत नाही." मी विचारलं, "मग दूध सोडू का?" डॉक्टर पोरगं हसलं. "दूध प्या आजी, हाडांना लागतं." मग मी मनातलं विचारलं, "आणि भांडण केलं तर?" म्हणाला, "रागानं तेवढ्यापुरता चढतो. नुसत्या भांडणानं हा आजार जडत नाही." मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं.

लोणंदचं घर, एकोणीसशे सत्तरनंतरची वर्षं. मी सातवी पास झालेय, काका माझं लग्न जमवायला निघालेत आणि तू चुलीपुढं भाकरी थापतेस. तुझ्या डॉक्टरनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या, मीठ कमी करा आणि डोक्याला ताप नको. मिठाचं कुणी मनावर घेतलं नाही. दुसरी गोष्ट मात्र घरादाराला तोंडपाठ. तू तोंड उघडायचा अवकाश, काका म्हणायचे, "वैनी, गप ऱ्हावा, बीपी वाढंल." त्या दिवशी तू पिठाच्या हातानंच उठलीस. "वाढू द्या, भावजी. पोरगी शाळंत जाणार म्हंजे जाणार!" मी गेले. मॅट्रिकला होते तेव्हा तू गेलीस, आणि दहाव्याला काकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरीच्या शाळंपायी भांडून भांडून जीव दिला." ते मी जन्मभर खरं मानलं. पुढं मास्तरीण झाले, पण कुठंही आवाज चढवायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची.

आता बास. काका नव्वदीला टेकलेत, कानानं अधू आहेत, तरी उद्या लोणंदला जाऊन त्यांच्या कानात ओरडून सांगणार आहे, आईचा आजार भांडणानं जडला नव्हता. कॅल्शियम म्हणजे काय तेही समजावणार. बीपी वाढला तर वाढला, गोळी पिशवीत आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुला एक सांगून टाकते. डॉक्टरला एवढं सगळं विचारलं, पण ही गोळी तेव्हा मिळाली असती तर तू राहिली असतीस का, ते विचारायला माझं तोंड उघडलं नाही.