रस्त्यापलीकडचा खासदार

प्रिय आईस,

आम्ही मजेत आहोत. तुझ्या जावयाचा गुडघा बरा आहे. तुझी कंबर काय म्हणते?

इथे बटाट्याची शेतं होती तेव्हापासूनचा आमचा लार्कफील्ड मतदारसंघ यंदा दुभागला. नवी हद्द आमच्याच रस्त्यावरून गेली.

ज्या खासदारासाठी एव्हरेटने वर्षानुवर्षं बर्फात प्रचाराच्या पाट्या ठोकल्या, गुडघा मोडून घेतला, तो काल समोरच्या पेटिग्रूंकडे मतं मागायला आला. ती बाजू अजून त्याच्या मतदारसंघात, आमची नाही. एव्हरेटने हाक मारली, तर मेल्याने बघून तोंड फिरवलं! शिसारी आली गं.

एव्हरेट म्हणतो, "ऐकू गेलं नसेल त्याला."

आणि आज लंगडत जाऊन पेटिग्रूंच्या अंगणात त्याचीच पाटी ठोकून आला.

तुझी,
लोर्ना